मोगल कोण होणार?

दिवाळींतल्या किल्ल्यावर मांडण्यासाठीं बाजारांत काय काय मिळतें, याची यादी मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणूं शकतों. सिंहासनावर बसलेले महाराज मिळतात. ढालतलवार घेतलेले मावळे, तोफेपाशीं वांकलेले गोलंदाज, भालाईत आणि घोडेस्वार मिळतात. जात्यावर बसलेली बाई, डोक्यावर घागरी घेतलेली गवळण, शेळ्यामेंढ्या, आणि किल्ल्याशीं कांहीं एक संबंध नसलेला वाघहि मिळतो. शत्रु मात्र विकत मिळत नाहीं. मी मूळचा पेणचा. ज्या गांवचे गणपति घरोघरच्या मखरांत जाऊन बसतात त्या गांवांत वाढल्यामुळें, मातीचें अमुक एक चित्र हवें होतें आणि तें मिळालें नाहीं, असा प्रसंग माझ्यावर कधीं आला नाहीं. तरी सबंध बालपणांत मीं तेथें मोगलांची एकहि तुकडी विक्रीस मांडलेली पाहिली नाहीं. आमचा किल्ला चारहि बाजूंनीं सज्ज असे, तोफा रोखलेल्या असत, बुरुजाबुरुजावर पहारा असे. आणि खालीं अंगणांत पाहावें तों कोणीच नसे.

किल्ल्यावर मातीचे शिपाई नुसते उभे राहतात. त्यांचें शत्रूवांचून भागतें. हाडामांसाच्या पोरांचें भागत नाहीं. किल्ला बांधून झाला, कीं आम्ही मुलें भोगावतीच्या कांठीं मावळेमोगल खेळावयास जात असूं. मावळे होण्यास सारे एका पायावर तयार असत. महाराज कोण, तानाजी कोण, बाजीप्रभु कोण, या पदांवरून थोडी हातघाई होई. पण ती मिटे. खेळ अडे तो एकाच प्रश्नापाशीं. मोगल कोण होणार? हा प्रश्न आम्ही कसा सोडवीत असूं तें पुढें मला सांगावें लागणारच आहे. तें सांगणें शक्य तितकें लांबणीवर टाकावें, एवढीच तूर्त माझी इच्छा आहे.

पंचावन्न वर्षांनीं तोच प्रश्न गेल्या फेब्रुवारींत माझ्या कानीं पुन्हां पडला. मी आतां रोह्यास राहतों. येथून जवळच कोलाड आहे, आणि कोलाडला कुंडलिकेच्या कांठीं अलीकडे साहसी खेळांचीं शिबिरें निघालीं आहेत. भिऱ्याच्या वीजघराकडून सुटलेलें पाणी सकाळच्या प्रहरीं नदीला येतें, आणि त्या पाण्यावर रबरी होड्या टाकून मुंबईपुण्याकडील मंडळी मोठमोठ्यानें ओरडत खालीं वाहत जातात. दुपारीं पाणी ओसरलें म्हणजे ओरडण्याची दुसरी सोय हवी. ती सोय म्हणजे 'पेंटबॉल' हा खेळ होय. आमच्या नातवाच्या परीक्षेंतील यशाबद्दल त्याच्या आईनें ही मेजवानी कबूल केली होती. नातू, त्याचे शाळासोबती, माझ्या भाचीचीं दोन मुलें आणि मी, असे आम्ही चौदाजण तेथें गेलों. माझ्याकडे पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचें काम होतें.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. प्रत्येक गड्याच्या हातीं हवेच्या दाबावर चालणारी एक बंदूक देतात. तिच्यांतील गोळी सुमारें १७ मिलिमीटर जाडीची, जिलेटिनच्या पातळ कवचाची आणि आंत रंग भरलेली असते. गोळी अंगावर आदळली कीं फुटते आणि रंग उमटतो. ज्याच्या अंगावर रंग उमटला तो मेला. गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपेक्षां अधिक असूं नये असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु तेवढ्या वेगानेंहि डोळा जाऊं शकतो. म्हणून चेहरा झांकणारा मुखवटा मैदानांत क्षणभरहि काढावयाचा नाहीं, हा या खेळांतला पहिला व शेवटचा नियम होय.

या बंदुका मुळांत माणसांवर रोखण्यासाठीं जन्मास आल्याच नव्हत्या. अमेरिकेंत झाडांवर आणि गुरांवर दुरून खूण करण्यासाठीं त्या वापरीत. १९८१ च्या जून महिन्यांत न्यू हॅम्पशायरमधील एका रानांत बारा गृहस्थांनीं त्या हातीं घेऊन पहिला डाव मांडला. रानांत ठिकठिकाणीं ठेवलेलीं निशाणें गोळा करून आणावयाचीं, असा तो डाव होता. तो जिंकला एका रानाची माहिती असलेल्या वनाधिकाऱ्यानें, आणि जिंकेपर्यंत त्यानें एकहि गोळी झाडली नाहीं. खेळ कोणताहि असो, त्याच्या आद्य विजेत्याविषयीं इतकी चांगली गोष्ट फारशी ऐकावयास मिळत नाहीं.

मैदानावरच्या माणसानें मुलांना डावाची एक तयार गोष्ट सांगितली. तींत कमांडो होते, अतिरेक्यांचा तळ होता आणि ओलीस धरलेलीं माणसें होतीं. नातवाला ती पसंत पडली नाहीं. आदल्याच आठवड्यांत मीं त्याला उंबरखिंडीची हकीकत सांगितली होती, आणि लढावयाचें तर तीच लढाई लढावयाची असा त्यानें हट्ट धरला. ही हकीकत फेब्रुवारी १६६१ मधील. शाइस्तेखान पुण्यांत ठाण मांडून बसलेला होता. त्यानें कारतलबखान नांवाच्या उझबेक सरदाराला उत्तर कोंकण काबीज करण्यासाठीं पाठविलें. खान लोणावळ्याच्या बाजूनें घाट उतरला, आणि आजच्या खालापूर तालुक्यांतील चावणी गांवानजीकच्या खिंडींत पुरता अडकला. पुढें मराठे, मागें मराठे, दोहों अंगांस दाट रान, आणि घशाला कोरड पडलेली. खानाबरोबर रायबाघीण होती, म्हणजे माहूरच्या देशमुख घराण्यांतील सावित्रीबाई. तिच्या सल्ल्यानें खानानें शरणागति पत्करली. आणि शिवाजीमहाराजांनीं खंडणी घेऊन त्याला व त्याच्या फौजेला जिवंत परत जाऊं दिलें. त्या खिंडीजवळून वाहणारी अंबा नदी पुढें आमच्या रोहें तालुक्यांतील नागोठण्यावरून जाते आणि पेणच्या बाजूस धरमतरच्या खाडीला मिळते. त्यामुळें माहेर पेण आणि मुक्काम रोहें असलेल्या माझ्यासारख्याला ही लढाई अगदीं घरची वाटते.

गोष्ट ठरली. नातू कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "मावळे कोण कोण?" सगळे हात वर गेले. भाचीच्या धाकट्या मुलानें तर दोन्ही हात वर केले.

"मग मोगल कोण होणार?"

सगळे हात खालीं आले. मुलें बुटांकडे पाहूं लागलीं. इतक्यांत नातवाची नजर त्याच्या एका मित्राकडे वळली. हा मुलगा रोह्यांतल्याच एका कोंकणी मुसलमान कुटुंबांतला आहे. वर्गांत नातवाच्या शेजारीं बसतो. गणेशचतुर्थीला आमच्याकडे मोदक मोजून खातो, आणि ईदच्या दिवशीं शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो. नातू त्याला म्हणाला, "तूं तर आहेसच कीं!"

त्याच्या बोलण्यांत द्वेष नव्हता, कुचेष्टा नव्हती. अडलेलें गणित सुटल्याचा आनंद मात्र होता. दोनतीन मुलें हंसलीं. तो मुलगाहि हंसला. पण इतरांपेक्षां एक क्षणभर उशिरा. तें उशिराचें हंसूं माझ्या ओळखीचें होतें.

आतां तें सांगण्यावांचून गत्यंतर नाहीं. पेणला आमच्या मागच्या आळींत माझा एक मित्र राहत असे. तोहि कोंकणी मुसलमान होता. आमची भाषा एक, शाळा एक. आंबे पाडण्याची जागा एक, आणि त्याबद्दल मार खाण्याची वेळहि एकच. झाडावर चढण्यांत आणि दगड नेमका मारण्यांत आमच्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मावळा होण्यास लागणारे सारे गुण त्याच्या अंगीं होते. परंतु दरवर्षीं दिवाळीच्या सुटींत भोगावतीच्या कांठीं तो प्रश्न निघाला, कीं आम्ही सारे त्याच्याकडे पाहत असूं. आणि तोहि निमूटपणें पलीकडच्या बाजूस जाऊन उभा राही. त्याच्या सोबतीला आम्ही सर्वांत लहान असे दोघेतिघे देत असूं, आणि मग त्या सर्वांना मनसोक्त मारीत असूं. एके दिवशीं खेळ संपल्यावर पाय धुतांना त्यानें मला विचारलें, "उद्यां पण मीच का?" मीं पाण्यांतून वर न पाहतां उत्तर दिलें, "तूं तर आहेसच कीं!"

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि आला नाहीं. नंतर शाळेंत तो माझ्याशीं पूर्वीसारखाच बोले, पण खेळावयास म्हणून तो पुन्हां कधीं आला नाहीं. आणि कां येत नाहींस, असें मींहि त्याला कधीं विचारलें नाहीं. पुढें आमच्या जिल्ह्यांतील कित्येक तरुणांप्रमाणें तो आखातांत नोकरीस गेला, आणि तिकडेच वारला. ती वार्ता मला कळली तेव्हां त्या गोष्टीला तीन वर्षें होऊन गेलीं होतीं.

नातवाच्या तोंडून अक्षरशः तेंच वाक्य ऐकल्यावर मला प्रथम रागच आला. पण राग कोणावर करावयाचा? हें वाक्य त्याला मीं शिकविलें नव्हतें. मलाहि तें कोणीं शिकविलें नव्हतें. तेथें एखादें व्याख्यान द्यावें असें क्षणभर वाटलें. कारतलबखानाच्या फौजेंत जाधव होते, कोकाटे होते, गाढे होते. आणि शिवाजीमहाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग होता, आरमारावर दौलतखान होता. ही सारी माहिती माझ्या जिभेच्या टोंकावर होती. परंतु ती त्या क्षणीं सांगणें म्हणजे त्या मुलाला सर्वांच्या मध्यें उभा करून त्याच्यावर पाठ देण्यासारखें झालें असतें. बारा वर्षांच्या मुलाला मोगल होण्यापेक्षांहि तें अधिक जाचलें असतें. म्हणून मीं हातांतल्या पिशव्या खालीं ठेविल्या आणि म्हणालों, "कारतलबखान मी होणार. माझ्याबरोबर कोण येतो?"

माझें वय, माझा गुडघा आणि माझा रक्तदाब या तीन विषयांवर बरीच चर्चा झाली. मैदानावरच्या माणसानें माझ्याकडून दोन कागदांवर सह्या घेतल्या. तेवढ्यांत भाचीची तेरा वर्षांची मुलगी पुढें आली आणि म्हणाली, "मी रायबाघीण!" या नांवाचा प्रभाव कांहीं निराळाच असला पाहिजे, कारण तिच्या पाठोपाठ आणखी पांच मुलें माझ्याकडे आलीं. नातवाच्या त्या मित्राला मीं हातानेंच 'तूं तिकडे' अशी खूण केली. तो धांवत मावळ्यांत गेला. अशा रीतीनें सात मोगल आणि सात मावळे झाले.

शत्रूची भूमिका ही मोठी विचित्र जबाबदारी आहे. नाटकांतला रावण, गणेशोत्सवाच्या रंगभूमीवरचा अफझलखान, हीं कामें करणाऱ्या नटाला आपण मरणार हें पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असतें. तरी मरेपर्यंत जगावयाचें कसें, यांतच त्याचें सारें कसब असतें. सैन्यांतहि ही भूमिका फार जुनी आहे. १८२४ सालीं प्रशियांत रायस्वित्स नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाचा युद्धाचा डाव सैन्यापुढें मांडला. त्यांत निळे ठोकळे स्वकीयांचे व तांबडे ठोकळे शत्रूचे असत. पण तांबड्या ठोकळ्यांमागें बसलेला अधिकारीहि प्रशियाचाच असे. पुढें अमेरिकन लष्करानें कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत सरावाचें एक प्रचंड केंद्र उघडलें, आणि सोव्हिएत सैन्याच्या रीतीनें लढणारी स्वतःची एक तुकडीच तेथें कायमची ठेविली. या तुकडीनें हरणें हें तिचें कर्तव्य नव्हे. तिनें मन लावून लढावें, पाहुण्या पलटणींचीं उणीं हेरून त्यांना हरवितां आल्यास हरवावें, हेंच तिचें कर्तव्य होय. कारण सोयीनें हरणारा शत्रु जिंकणाऱ्याला कांहीं शिकवीत नाहीं; उलट तो त्याचा अपमानच करतो. हें सारें आठवून मीं मनाशीं ठरविलें, कीं इतिहासानें कारतलबखानाला हरविलें असलें तरी नातवाच्या कौतुकाखातर आपण हरावयाचें नाहीं.

नियम साधा होता. नाल्याच्या वरच्या टोंकापासून निघून मोगलांनीं खालच्या आंब्याला बांधलेलें निशाण गांठावें. मावळ्यांनीं त्यांना वाटेंत अडवावें. नाला कोरडा होता. दोहों बाजूंस करवंदीच्या जाळ्या होत्या, वर सागाचीं अर्धींमुर्धीं झडलेलीं पानें. आम्ही उतरूं लागलों.

उंबरखिंडीची हकीकत मीं आजवर निदान पन्नास वेळां तरी सांगितली असेल. प्रत्येक वेळीं मी ती डोंगराच्या माथ्यावरून सांगितली. खालीं मुंगीसारखी फौज येत आहे, वर आपण श्वास रोखून बसलों आहोंत, आणि आतां गंमत होणार आहे! नाल्याच्या तळाशीं उभें राहून ती मीं कधींच पाहिली नव्हती. तेथून ती अगदीं निराळी दिसते. मुखवट्याच्या आंत माझा श्वास साठून कांच धुकट झाली. पायांखालचें प्रत्येक वाळकें पान मोठ्यानें मोडत होतें. पाण्याच्या बाटल्या मीं सांभाळीत होतों त्या वर राहिल्या होत्या, आणि आमच्या फौजेला तहान लागली होती. सर्वांत जाचक होती ती शांतता. मघां ज्या मुलांच्या ओरडण्यानें माझें डोकें उठलें होतें, तीं सातहि मुलें जणूं नाहींशींच झालीं होतीं. प्रत्येक जाळी आमच्याकडे पाहत होती. शेंपन्नास पावलांत मला कळून चुकलें, कीं खानाची फौज गोळ्यांनीं हरण्यापूर्वीं या शांततेनें हरली असली पाहिजे. आणि जिला पाठ्यपुस्तकांत मीं केवळ एक चमत्कारिक नांव समजत होतों, त्या रायबाघिणीनें जी गोष्ट बोलून दाखविली ती हजारों शिपायांनीं आधींच मनांत म्हटली असेल.

आणखीहि एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. त्या जाळ्यांत कोण बसलें आहे हें मला दिसत नव्हतें. कोणाचें नांव काय, आडनांव काय, घरीं कोणता सण साजरा होतो, यांतलें कांहींच करवंदीच्या पानांतून कळत नव्हतें. तेथें सात मावळे होते, एवढेंच खरें होतें.

पहिली गोळी माझ्या मागच्या मुलाला लागली. मग दोहोंकडून पिवळा आणि तांबडा पाऊस सुरू झाला. आमचे तिघे पडले. आम्हींहि दोघांना टिपलें; त्यांपैकीं एकाला मीं टिपलें, हें येथें नमूद करण्याइतका मोह मला आवरत नाहीं. मी एका खडकाआड गुडघा मोडून बसलों होतों. भाचीची मुलगी रांगत माझ्याजवळ आली आणि आपल्या भूमिकेला जागून म्हणाली, "आजोबा, आतां शरण जाऊं या. रायबाघिणीनं हेंच सांगितलं होतं ना?"

"खानानें तुझें ऐकलें होतें," मी म्हणालों, "पण आंबा आतां तीसच पावलांवर आहे." आणि मी उठून निघालों.

दहा पावलें गेलों असेन नसेन, तोंच उजवीकडच्या जाळींतून नेमकी एक गोळी आली आणि माझ्या छातीवर फुटली. ती लागते, हें मला सांगितलें होतें. इतकी लागते हें सांगितलें नव्हतें. माझ्या तोंडून 'आई गं' हे शब्द निघाले आणि मी मटकन खालीं बसलों. त्याबरोबर जाळी हलली, आणि बंदूक खालीं टाकून नातवाचा तो मित्र धांवत बाहेर आला. "आजोबा, लागलं का? जोरांत लागलं का?" असें विचारीत तो माझ्यापुढें वांकला. मी नाहीं म्हणावयास तोंड उघडीत आहें तोंच रायबाघिणीनें खडकाआडून त्याच्या पाठीवर दोन तांबडे ठिपके उमटविले.

मावळ्यांत एकच हाहाकार उडाला. "अरे, बाहेर कशाला आलास? मोगल होते ते!" नातू आपल्या जागेवरून ओरडला. त्या मुलानें मुखवट्याआडूनच उत्तर दिलें, "आजोबांना लागलं होतं." त्याची ही चूक लढाईच्या दृष्टीनें अक्षम्य होती. परंतु तिच्याबद्दल त्याला जे बोल बसले ते सर्व एका मावळ्याला बसले. 'असाच आहेस तूं', 'तुझ्यामुळें माणूस गेला', असें मुलें एकमेकांना जें म्हणतात तेवढेंच तें होतें. त्याच्या नांवापर्यंत कोणाचें बोट गेलें नाहीं. मी नाल्याच्या तळाशीं छाती चोळीत बसलों होतों, आणि हीं शिव्याशापांची खैरात ऐकून मला जें समाधान वाटलें तें कोणत्याहि विजयानें वाटलें नसतें.

पुढें दोन मोगल आणि चार मावळे उरले, तेव्हां रायबाघिणीनें रुमाल दाखविला. मावळ्यांनीं इतिहासाबरहुकूम आम्हांला जीवदान दिलें, आणि खंडणी म्हणून लाडवांचा डबा ठेवून घेतला.

लाडू संपल्यावर दुसऱ्या डावाची तयारी झाली, आणि तो प्रश्न पुन्हां निघाला. या वेळीं माझ्या अंगांत उठण्याचें त्राण नव्हतें. मी कांहीं बोललों नाहीं. नातू जरा थांबला. त्यानें एकदां मित्राकडे आणि एकदां माझ्या छातीवरच्या पिवळ्या डागाकडे पाहिलें. तो काय विचार करीत होता तें मला सांगतां येणार नाहीं. कदाचित् पहिल्या डावांत मोगलांच्या बाजूस अधिक मजा आली, एवढेंच त्याच्या मनांत आलें असेल. तो म्हणाला, "चिठ्ठ्या टाकूं या."

चिठ्ठ्या टाकल्या. नातवाच्या वांट्यास मोगल आला, आणि त्याच्या मित्राच्या वांट्यासहि मोगलच आला. मी त्या मुलाच्या तोंडाकडे पाहत होतों. त्यानें चिठ्ठी उघडली, तोंड वांकडें केलें, "छे!" म्हणाला, ती चुरगळून फेंकली आणि नातवाच्या गळ्यांत हात टाकून नाल्याकडे चालूं लागला. मघांशीं जें हंसणें एक क्षण उशिरा आलें होतें, त्याच्या जागीं हें 'छे' अगदीं वेळेवर आलें होतें.

मोगल होण्यांत कांहींच वाईट नाहीं, असें त्या दिवसापासून मला वाटूं लागलें आहे. कोणीतरी मोगल व्हावयासच पाहिजे. नाहीं तर खेळच व्हावयाचा नाहीं. पण चिठ्ठीनें मोगल होणें निराळें आणि नांवानें मोगल होणें निराळें. चिठ्ठीनें मिळालेलें सोंग संध्याकाळीं मुखवट्याबरोबर खुंटीवर टांगून माणूस आपल्या घरीं जातो. नांवानें मिळालेलें सोंग त्याच्याबरोबर घरीं जातें, पाय धुतांना त्याच्या शेजारीं बसतें, आणि 'उद्यां पण मीच का?' असें त्याला विचारावयास लावतें. पहिल्याला खेळ म्हणतात. दुसऱ्यालाहि आम्ही खेळच म्हणत होतों.

माझ्या छातीवरचा डाग दुसऱ्या दिवशीं निळा पडला, मग हिरवट झाला, आणि आठवड्याभरांत गेला. घरांत त्यावर हळद लावण्यांत आली, आणि या वयांत असले चाळे करण्याबद्दल योग्य तें बोलणेंहि मीं ऐकून घेतलें. पेणच्या त्या मित्राला मात्र आतां कांहींच सांगतां येणार नाहीं. आमच्या मागच्या आळींत त्याचें घर होतें तेथें आज दुसरीच इमारत आहे. मागें एकदां तिच्यासमोर मी थोडा वेळ उभा राहिलों. आंतून एक गृहस्थ बाहेर आले व कोण हवें म्हणून विचारूं लागले, तेव्हां मी पुढें निघालों.

या दिवाळींत नातवानें अंगणांत किल्ला केला. बाजारांतून आणलेले मावळे बुरुजांवर उभे केले, वाघालाहि जागा दिली. संध्याकाळीं पाहतों तों किल्ल्याच्या पायथ्याशीं, जेथें नेहमीं कोणीच नसतें तेथें, ओबडधोबड अशीं पांचसहा चित्रें उभीं होतीं. नाकडोळे नीट नव्हते, हात कोणाचा लांब, कोणाचा आंखूड. मीं विचारलें, "हे कोण रे?"

"मोगल," तो म्हणाला. "दुकानांत मिळत नाहींत, आजोबा. म्हणून आम्ही दोघांनीं घरींच केले."

मीं एक चित्र उचलून पाहिलें. किल्ला ज्या मातीचा होता त्याच मातीचें तें होतें, आणि अजून ओलें होतें. मीं तें जपून परत जागच्या जागीं ठेविलें.